उणे अकरा

दुपारी तीनच्या सुमाराला
शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीची दोन नंबरची भट्टी
खोटं बोलायला लागायची.

सकाळभर शहाण्यासारखी,
नऊशे वीस म्हणजे नऊशे वीस.
मग ऊन कलायचं, आलेखाची रेघ हळूच खाली घसरायची,
नदाफ बर्नर वाढवायचा
आणि रेघ परत जागेवर.
कागद बिनडाग.
माल मात्र पुण्याहून फिरून यायचा,
दाणा जाड, शेरा लाल शाईत.

मगदूम साहेब म्हणाले, थर्मोकपल बदला.
बदललं. दोनदा बदललं.
दस्तगीर नदाफ म्हणाला, "म्याडम, रंग बगा की.
ही नऊशे वीस न्हवं, कवाच म्होरं गेलीया."
मी म्हटलं, डोळ्याला प्रमाणपत्र नसतं, नदाफ.
तो हसला नाही.

थर्मोकपलला तापमान कळत नाही.
दोन धातूंच्या तारांचा एक टाका, बस.
त्याला कळतो फरक,
तिथल्या आगीतला आणि इथल्या स्क्रूतला,
अंशाला एक्केचाळीस मायक्रोव्होल्ट,
मुंगीनं वजनकाट्यावर पाय ठेवावा तेवढा.
इथं किती आहे ते वेगळं मोजायचं
आणि बेरीज करायची.
आम्ही सगळे भट्टीकडे तोंड करून उभे,
पॅनेलकडे पाठ.

नाक्यावरच्या रसवाल्याकडं बर्फ मागितला.
"रस न्हाई? नुसता बर्फ?"
दहा रुपये जास्त लावले त्यानं.
फडक्यात बांधून हातोडीनं फोडला,
माझ्या चहाच्या थर्मासात ठासला,
वर बॅटरीचं पाणी, आत तारेचं टोक.
वितळता बर्फ शून्याला असतो.
त्याला कुणाची सही लागत नाही.

सकाळी अकरा वाजता: शून्य पूर्णांक चार.
तीन वाजून दहा मिनिटांनी,
थर्मासात बर्फ तसाच होता,
मे महिना, डोक्यावर पत्रा,
आणि पडद्यावर उणे अकरा.

नदाफ वाकून बघत म्हणाला,
"काश्मीर झालं की वो!"

तेव्हा मी मागं वळले.
पश्चिमेच्या खिडकीची एक काच फुटलेली,
तिथून उन्हाचा तिरका पट्टा आत आलेला,
नेमका टर्मिनलच्या रांगेवर.
स्क्रूवर बोट ठेवलं आणि झटक्यात काढलं.
इथलं तापमान सांगणारा सेन्सर
कार्डाच्या दुसऱ्या टोकाला, पंख्याच्या वाऱ्यात,
थंडगार बसलेला.
मध्ये वीतभर अंतर.

मग कामं.
खिडकीला पत्रा ठोकला. सेन्सर काढून
टर्मिनलशेजारी, एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आवळला.
वर थर्माकोलचं झाकण, टीव्हीच्या खोक्यातलं.
कुणीतरी मधे तांब्याची साधी तार जोडली होती,
ती तोडून टाकली, टोकापर्यंत जातवान तार ओढली,
पीळ दिला, शील्ड एकाच बाजूला अर्थ केलं.
शेजारच्या वेल्डिंगची गुणगुण गेली.
रेघ बारीक झाली.

नदाफची क्षमा मागायची होती.
रात्रपाळीला थांबले त्यासाठी.
तो दार उघडून म्हणाला, "बगा, आता बी जास्तच हाय, साडेनऊशे."
बर्फ होता. तपासलं. नऊशे वीसच होते.
बाहेर मिट्ट काळोख,
आणि अंधारात लोखंड जास्त लाल दिसतं.
दोघंही गप्प.
मग तोच म्हणाला,
"म्हंजी माज्या डोळ्याचा बी स्क्रू तापतोय म्हना की."

क्षमा राहूनच गेली.
रजिस्टरमध्ये लिहिलं: उरलेली चूक, शून्य पूर्णांक सहा.
ती कुठून येते, अजून कळलेलं नाही.
पेन्सिलीनं लिहिली आहे.

थर्मासातला उरलेला बर्फ
नदाफनं ओंजळीत घेतला, मानेवर चोळला,
आणि परत दोन नंबरकडे गेला.